अल्लालच्या खोगिराची शिवण

सीदी बन्नूरजवळून,
२ जून १९८७

रकिया पोरी,

सलाम. पत्रात आधी सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, पण ठीक काहीही नाही, तेव्हा रीत राहू दे.

परवा शेजारच्या गावात लग्न होतं. आपली तुकडी बार काढायला गेली होती. पंधरा घोडे एका रांगेत, मुकादम म्हणून मी मधे. तू लहानपणापासून पाहत आलीस, रांग भरधाव सुटते, मी हाळी देतो, सगळे स्वार रिकिबीत उभे राहतात आणि पंधरा बंदुकांचा मिळून एकच आवाज व्हावा लागतो. तर जिलाली रिकिबीत उभा राहिला मात्र, तुमचा तो बर्क रांग मोडून आडवा सुटला. दोन घोड्यांवर आदळला. जिलाली पडला, मनगट सुजलंय. बार झाला तो तव्यावर मक्याचे दाणे फुटावेत तसा, तडतड तडतड. मांडवातल्या बायका हसल्या गं! चाळीस वर्षं मी बंदूक धरतोय, माझ्यावर बायका हसल्या!

ही तिसरी खेप. घोडा भित्रा आहे, दारूच्या आवाजाला घाबरतो. ऑगस्टात पिराचा उरूस आहे, तिथे सगळ्या मुलखासमोर मी हे होऊ देणार नाही. घोडा तुम्हा भावंडांच्या नावावर आहे. जिलालीने सही केली, रडत केली पण केली. सोबतच्या कागदावर तूही कर. मंगळवारच्या बाजारात कासाब्लांकाचा व्यापारी येतो. तो घोडे कशासाठी घेतो ते तुला ठाऊक आहे, मी लिहीत नाही.

तुझ्या बापाचं, अल्लालचं खोगीर आणि त्याखाली असला घोडा, मला बघवत नाही.

तुझा काका,
बूशाइब

*

फेस,
९ जून १९८७

काका,

सही करत नाही. कागद परत पाठवतेय, मधोमध फाडून.

तो व्यापारी घोडे खाटकाला देतो हे लिहिताना तुमचा हात अडखळला, त्याबद्दल आभार मानू का? माझ्या भावाला रडवून सही घेतलीत. चोवीस वर्षांचा आहे तो, आणि तुमच्यासमोर अजून मान वर करत नाही. मी करते. बाबा गेल्यापासून तुम्ही आम्हांला वाढवलंत, तुमच्याच ताटात जेवले मी, म्हणून तर मला एवढा राग येतोय.

आता नीट वाचा. तुम्ही लिहिलंत की जिलाली उभा राहिला आणि बर्क सुटला. म्हणजे बार व्हायच्या आधी! जो आवाज अजून झालाच नाही, त्याला घोडा घाबरला? इथे जनावरांच्या दवाखान्यात सहा वर्षं मी खेचरं आणि गाढवं धुतेय. घाबरलेलं जनावर आवाजानंतर उसळतं. आधी उसळतं ते कशाला तरी कळवळून उसळतं. मला त्या लगामाचा संशय आहे. आपल्याकडचं ते तोंडातलं लोखंड, जीभ कापली जाईल असं! कोणी ओढतंय का जोरात? जिलालीचा हात जड आहे का?

एक करा. बर्कला खोगीर नाही, लगाम नाही, नुसता दोर बांधून अंगणात उभा करा आणि दहा पावलांवरून बंदुकीचा बार काढा. काय होतं ते लिहा.

रकिया

*

१७ जून १९८७

बाईसाहेब,

पत्र मिळालं. फाडलेला कागदही मिळाला. शेजारच्या हाजीसमोर पाकीट उघडलं आणि तुकडे त्याच्या मांडीवर पडले. शाब्बास. काकाची आब राखलीस.

तू खेचरांची मलमपट्टी करतेस, चांगलं काम आहे, अल्ला तुझं भलं करो. पण खेचर वेगळं आणि बाराचा घोडा वेगळा. माझ्या वडिलांनी मला चालायच्या आधी घोड्यावर बसवलं. मला पत्रातून घोडा शिकवू नकोस. आधी का सुटतो म्हणतेस? कारण तो हुशार आहे! आवाज येणार हे त्याला कळतं. स्वार उभा राहिला की बार होणार, हे गाढवालाही कळेल, तुझ्या दवाखान्यातल्यासुद्धा.

आम्ही हात बांधून बसलो नाही. मशिदीतल्या फकिहाकडून ताईत आणला, गळ्यात बांधला. गोठ्यात आठवडाभर रोज चिमूटभर बंदुकीची दारू जाळली, वास अंगवळणी पडावा म्हणून. लगाम बदलला, आधीच्यापेक्षा कडक घेतला, म्हणजे सुटला तरी आवरता यावा. काल पुन्हा सराव केला. पुन्हा तेच. आता तर तंग, पोटाखालचा पट्टा, आवळायला गेलं की कान पाडून चावायला येतो, दात करकर वाजवतो, शेपटी फटकारतो. जिलालीच्या दंडावर दातांचे वण आहेत. रिकामा सोडला की मात्र शेळीसारखा चरतो, कोणीही जवळ जावं. ढोंगी आहे लेकाचा. कामाची वेळ आली की आजारी पडणारे गडी असतात ना, त्यातला.

अगदी हमामासारखा. तुझ्या बापाचा जीव घेणारी ती घोडीसुद्धा आधी अशीच चावायला लागली होती. मी तेव्हा दुर्लक्ष केलं. आता करणार नाही. म्हणून म्हणतो, सही कर.

बूशाइब

*

२४ जून १९८७

काका,

तीन पानं लिहिलीत. हाजीची मांडी आली, ताईत आला, माझी गाढवं आली. मी विचारलं होतं ते एकच आलं नाही. अंगणात बार काढलात की नाही?

काढलात. मला माहीत आहे. तुम्ही चाळीस वर्षं बंदूक धरणारा माणूस, कोणी पैज घातल्यावर गप्प बसाल? काढलात, आणि बर्क जागचा हलला नाही. पळाला असता तर पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत लिहिलं असतंत.

आणि कडक लगाम! पत्र वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातली औषधाची वाटी भिंतीवर आपटली, डॉक्टरीणबाई धावत आल्या. जनावर दुखतंय म्हणून ओरडलं की त्याच्या तोंडात अजून लोखंड कोंबायचं, वा रे मुकादम! त्याला बोलता येत असतं तर तुमच्या तुकडीला काय शिव्या घातल्या असत्या!

ढोंग म्हणता? घोडा ढोंग करतो ते उलटं. दुखणं लपवतो तो. रानात ज्याने लंगडून दाखवलं त्याला लांडग्याने आधी धरलं, म्हणून हाडं मोडेपर्यंत सरळ चालायचं हे त्यांच्या रक्तातच आहे. रिकामा असताना शहाणा आणि तंग आवळताना चावतो, याचा अर्थ दुखणं तंगापाशी, खोगिराखाली आहे. लगामावर मी उगाच गेले, आणि जिलालीच्या हातावरही. त्याला सांगा, ताई चुकली.

आता हे करा. खोगीर काढल्यावर मानेच्या मुळापासून कमरेपर्यंत, मणक्याच्या दोन्ही बाजूंनी, अंगठा दाबत जा. हळू. घाई करू नका. त्याच्या कानांकडे आणि डोळ्यांकडे बघा. काय दिसलं ते लिहा, हाजी नको.

आणि खोगीर उसवून आतून बघा.

रकिया

*

२ जुलै १९८७

रकिया,

बार काढला होता. हलला नाही. गवत खात राहिला.

काल अंगठा दाबला. मानेकडून निघालो, चार बोटं, सहा बोटं, काही नाही, उभा होता. डाव्या बाजूला, जिथे खोगिराचा पुढचा भाग टेकतो त्याच्या जरा मागे, तिथे अंगठा टेकला आणि त्याने पाठ अशी खाली टाकली की माझा हात हवेत राहिला. गुडघ्यांत वाकला. वरून काही दिसत नाही, केस जागच्या जागी, जखम नाही, सूज नाही. पुन्हा दाबला तर डोळ्याचं पांढरं दिसलं. तिसऱ्यांदा मी दाबला नाही.

तेव्हा तू म्हणतेस त्यात काही असेल. लगाम परत जुना घातला. खोगिराखाली लोकरीच्या घड्यांचे सात नमदे असतात ते नऊ केले.

खोगीर मात्र उसवता येणार नाही. मेलेल्या मुकादमाच्या खोगिराची शिवण सोडायची नाही, ही आपल्या घराण्याची रीत आहे, आजोबांपासूनची. तुला शहरात राहून विसर पडला असेल. मी तर ते भिंतीवरच राहू द्या म्हणत होतो, नऊ वर्षं टांगलेलं होतं तसंच. जिलाली या वसंतात रांगेत आला तेव्हा तूच हट्ट केलास, बाबांचं खोगीर त्यालाच मिळालं पाहिजे म्हणून. फेसहून चंदेरी गोंडे पाठवलेस. आता मला दोष देऊ नकोस.

बूशाइब

*

८ जुलै १९८७

काका,

हो, मी हट्ट केला. गोंडे मीच पाठवले. स्वतः बसून वळले होते, बाबांचं नाव घेत. त्याचं काय करायचं ते माझं मी बघेन.

पण ही रीत कुठून काढलीत? आजोबांपासूनची? अहो, आजोबांच्या वेळी दर दुसऱ्या हिवाळ्यात पणजोबांचं खोगीर अंगणात यायचं. आजी शिवण उसवायची, वरचं भरतकामाचं कातडं काढून ठेवायची, आतला लाकडी सांगाडा हाताने चाचपायची, कुठे चीर गेली असेल तर ओलं कातडं गुंडाळायची. मी सहा वर्षांची होते. दोऱ्याची गुंडी माझ्या हातात असायची आणि सोडली की टपली मिळायची. पणजोबा मुकादम होते ना? मेलेले होते ना? मग?

तुम्ही ही रीत बनवलीत. कधी बनवलीत तेही आठवलं मला. बाबांना पुरलं त्याच्या चौथ्या दिवशी आई म्हणाली, खोगीर उसवून साफ करून ठेवू या, रक्त लागलंय. तुम्ही तिच्या हातातून ओढून घेतलंत आणि म्हणालात, याला कोणी हात लावायचा नाही. आम्ही म्हटलं, भावाचं दुःख आहे. आम्ही सगळ्यांनी तुमच्याबरोबर रडून घेतलं!

दुसरं. तुम्हीच लिहिलंत, हमामासुद्धा आधी चावायला लागली होती. कधीपासून? मला आठवते ती हमामा, मी तिच्या पोटाखालून पलीकडे जायचे. आईने तिच्या पाठीवर झोपलेला जिलाली सोडून भाकरी भाजल्या आहेत. तीच घोडी त्या वसंतात अचानक बिघडली, आणि उरुसात बाबा रिकिबीत उभे राहिले तेव्हा उधळून त्यांच्या अंगावर लोळली. उभे राहिले तेव्हा, काका. बाराच्या आधी. बर्क उधळतो नेमका तेव्हाच. दोन जनावरं, नऊ वर्षांचं अंतर, आणि मधे सारखं काय आहे? खोगीर!

तुम्हांला काय माहीत आहे?

मी रजा टाकली आहे. महिनाअखेरीला निघते, चाकू घेऊन येते. तोवर जिलालीने त्या खोगिरावर पाय ठेवला आणि त्याला काही झालं, तर अल्लासमोर मी तुमच्याविरुद्ध उभी राहीन.

रकिया

*

२१ जुलै १९८७

रकिया,

तुझं पत्र आठ दिवस खिशात होतं. कोणाला दाखवलं नाही. जिलालीलाही नाही.

गुरुवारी उरुसाचा सराव होता. मी त्याला बसू नको म्हणून सांगणार होतो. तोंड उघडलं तर विचारेल, का? म्हणून गप्प राहिलो. बघ तुझा काका कसा आहे. त्याने डावा पाय रिकिबीत टाकला, भार दिला, आणि मला आवाज आला. लाकूड लाकडावर घासल्याचा, अगदी बारीक, दाराची बिजागरी कुरकुरते तेवढा. बर्कने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. जिलालीकडे नाही, माझ्याकडे.

मी ओरडलो, उतर! अख्खी तुकडी थांबली. खोगीर खाली घेतलं, तिथेच मातीत मांडी घालून बसलो आणि चाकूने शिवण कापली. चौदा माणसं भोवती उभी होती. कातडं निघालं. सांगाडा डाव्या बाजूने आरपार चिरलेला. नुसतं बसलं तर चीर मिटलेली राहते. रिकिबीत उभं राहिलं की दोन्ही फळ्या फाकतात आणि पुन्हा मिटतात, मधे जे मांस येईल ते नमद्यांसकट चिमट्यात धरून. नमद्यांतून चिरेत केस शिरले होते. वर बर्कचे काळे. आत खोल रुतलेले, वाळलेले, हमामाचे पांढरे.

आता ते लिहितो जे तुला हवं आहे.

ज्या वसंतात तुझा बाप गेला, त्या वसंतात आम्ही एका जत्रेहून ट्रकने परत आलो. सामान मी उतरवत होतो. घाईत होतो, पाहुणे यायचे होते. खोगीर हातातून निसटलं आणि दगडी उंबऱ्यावर पडलं. कडकन आवाज झाला. मी उचलून पाहिलं, भरतकाम जसंच्या तसं, एक तार तुटलेली नाही. म्हटलं, काही झालं नाही. अल्लाल आत चहा पीत होता. त्याचा हात माझ्यावर कसा उठायचा तुला माहीत आहे, चाळिशी उलटली तरी मी त्याला भीत होतो. सांगितलं नाही. दुसऱ्या आठवड्यापासून हमामा चावायला लागली. मी दोन्ही गोष्टी एकत्र जोडल्या नाहीत. जोडल्या नाहीत असं नऊ वर्षं स्वतःला सांगतोय. खरं म्हणजे जोडता येऊ नयेत म्हणून खोगीर भिंतीवर टांगलं आणि त्याला रीत असं नाव दिलं.

अजून एक आहे. अल्लाल पडला त्यानंतर हमामा उठली आणि त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. चारही पाय थरथरत होते. मी बंदुकीच्या दस्त्याने तिच्या तोंडावर मारलं. दोनदा. मंगळवारी मीच तिला बाजारात नेली. ती माझ्यामागे निमूट चालत आली, पाठीवर खोगीर नव्हतं ना.

माणसांना मी तिथेच सगळं सांगितलं. जिलाली उठून गेला, चार दिवस बोलला नाही. काल बर्कला पाणी पाजताना म्हणाला, तुम्ही मला उतर म्हणालात. एवढंच. मुकादमकी मी सोडली आहे, हाजीच्या भावाला दिली. बर्क शेतात मोकळा आहे.

तू ये. चाकूची गरज नाही.

बूशाइब

*

२८ जुलै १९८७

काका,

माफ केलं असं लिहायला बसले. तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. माफ केलेलं नाही. कधी करेन तेही ठाऊक नाही, खोटं कशाला लिहू?

तुमच्यावर चिडून झाल्यावर स्वतःवर चिडले. बाजारात तुम्ही हमामाला नेत होतात तेव्हा मी फाटकात उभी होते. मी तिच्यावर थुंकले. खुनी म्हणाले. सहा वर्षं मुकी जनावरं हाताळतेय, लोकांना अक्कल शिकवतेय, आणि ज्या घोडीच्या पोटाखालून रांगले तिच्याबद्दल एकदाही माझ्या मनात आलं नाही की अशी गरीब घोडी एकाएकी का बिघडली असेल. सगळ्यांनी म्हटलं वेडी, मीही म्हटलं वेडी. सोपं होतं.

बर्कचं असं करा. दोन महिने पाठीवर काहीही नको, घोंगडीसुद्धा. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्याच्या फडक्याने शेक. रोज पाच मिनिटं अंगठा, हळू. दुखरी जागा कमी झाली तरी तंग दिसला की तो चावायला येईलच, त्याला मारायचं नाही. दुखणं गेल्यावरही आठवण राहते, त्याला वेळ द्यावा लागतो.

आणि तुमचं असं करा. मुकादमकी सोडून काही होत नाही, काका, ते तर सुटका झाल्यासारखं आहे. दर उरुसाला चहाच्या तंबूत कोणी ना कोणी ती गोष्ट काढतंच. अल्लालला त्याच्या वेड्या घोडीने मारलं. नऊ वर्षं ऐकतेय मी. पोरासोरांना भीती घालायला सांगतात. यंदाही काढतील. जिथे जिथे ती गोष्ट निघेल, तिथे तुम्ही उभं राहायचं आणि खरं सांगायचं. आपल्या तुकडीसमोर नाही, ती तर घरचीच. परक्यांसमोर. यंदा, पुढच्या वर्षी, जिवंत असेपर्यंत दर वर्षी.

मी यायचं थांबवलंय. आत्ता आले तर तोंडाला येईल ते बोलेन. हिवाळ्यात येईन.

रकिया

*

उरुसाच्या मैदानावरून,
१६ ऑगस्ट १९८७

रकिया,

तंबूत बसून लिहितोय, बाजूला गोंगाट आहे, अक्षर लागलं तर वाच.

बर्क घरी आहे. जिलाली दुसऱ्याचा घोडा आणि दुसऱ्याचं खोगीर घेऊन रांगेत होता. सकाळी सांगाडा त्याने स्वतः चाचपला, मग माझ्याकडे आणून दिला, मीही चाचपला. बार एकच झाला. माझ्या छातीत बसला.

दुपारी चहाला बसलो होतो. पलीकडच्या मुलखातली तुकडी होती, मोठमोठ्या पागोट्यांचे लोक, मला ओळखणारे दोघंतिघंच. त्यांच्यातल्या एकाचा घोडा रांगेत चुकला होता. म्हातारा मुकादम त्या पोराला झापत होता. म्हणाला, असल्या घोड्याला बाजार दाखव, नाहीतर तुझं अल्लालसारखं होईल, त्या वेड्या घोडीने कसा मारला माहीत आहे ना?

मी चहाचा पेला खाली ठेवला आणि उठलो. तंबूचा खांब धरला. म्हटलं, मी अल्लालचा भाऊ. ती घोडी वेडी नव्हती. तिची पाठ दुखत होती, आणि खोगीर मी पाडलं होतं.

तो पोरगा उठून बाहेर गेला. मी तंबूच्या दारातून पाहत होतो. त्याने घोड्यावरचं खोगीर उतरवलं, नमदे काढले, आणि मानेच्या मुळापासून अंगठा दाबत निघाला.

फार जोरात दाबत होता. मी जाऊन त्याला हळू दाबायला सांगितलं.

बूशाइब